लंगडणाऱ्या घोड्याला नुसती नवी नाल पुरत नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

माथेरानच्या घोड्यांविषयी जे छापून येते ते बहुधा ई-रिक्षा आणि पेव्हर ब्लॉकच्या वादापुरते असते. त्यांच्या खुरांविषयी फारसे कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

घोडा लंगडू लागला की जुनी नाल काढून तशीच नवी ठोकण्याची पद्धत सर्वत्र दिसते. पण लंगडण्याचे कारण खुराच्या घडणीत असेल, तर त्याच मापाची नवी नाल दुखणे कायम ठेवते. नालबंदी लांबली की खुराचा पुढचा भाग वाढतो, टाच खचते आणि चढउताराच्या वाटेवर प्रत्येक पावलाला खुराच्या मागील भागातील हाडावर व स्नायुबंधावर जादा ताण येतो. अशा घोड्याचा खूर पुढून कमी करून, नालेची पुढची कड गोलसर करून आणि टाचेला आधार मिळेल अशा बेताने नाल बसवली, तर पाऊल सहज उचलले जाते. खुराला उभी चीर गेली असेल, तर मागची टोके पट्टीने जोडलेली बंद नाल लावून चिरलेल्या भागावरचा भार काढून घेता येतो. पावसाळ्यात तळवा कुजून दुर्गंधी येते, तेव्हा मात्र नालेचा उपयोग नाही. कुजका भाग काढून खूर स्वच्छ व कोरडा ठेवणे हाच उपाय.

सर्वांत जपावे लागते ते लॅमिनायटिसमध्ये. खुराचे कवच आणि आतील हाड यांना जोडणारे पापुद्रे सुजून सुटू लागतात आणि हाड तळव्याच्या दिशेने फिरते. घोडा पुढचे पाय पुढे टाकून, भार मागे घेऊन उभा राहतो. ते हाड किती फिरले आहे हे एक्स-रेशिवाय कळत नाही, आणि ते न पाहता तळव्याला आधार देणारी नाल ठोकली तर दाब भलत्याच जागी पडून वेदना वाढतात. म्हणूनच पशुवैद्य व नालबंद यांनी घोडा एकत्र तपासला पाहिजे.

याचा दोष अश्वपालांवर टाकणे मला अन्यायाचे वाटते, कारण घोडा बसला की त्या घरची कमाई थांबते. आजारी जनावराला कामाला लावणे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, पण उपचाराची सोय न करता केवळ कायदा दाखवून घोडा बरा होत नाही. आपले नालबंद हाताने कसबी आहेत. त्यांना एक्स-रे पाहून खूर छाटण्याचे शिक्षण मात्र कोणी दिलेले नाही. मेरठला सैन्याच्या रिमाउंट व व्हेटरिनरी कोअरच्या केंद्रात नालबंदीचे रीतसर प्रशिक्षण दिले जाते, आणि परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय तर 1886 पासून आपल्या जवळच आहे.

खूर महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो, त्यामुळे बिघडलेला खूर सुधारायला बरेच महिने लागतात आणि एखाद्या दिवसाच्या शिबिराने काही साधत नाही. पशुसंवर्धन विभागाने दर सहा ते आठ आठवड्यांनी, फिरत्या एक्स-रे यंत्रासह, माथेरानमध्ये खूर-तपासणी ठेवावी आणि तिथल्या नालबंदांना त्याच वेळी शिकवावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त पशुवैद्यक, कर्जत