किक खाली जात नाही? मग आधी पाय काढा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात जुन्या मोटरसायकलींवर अधूनमधून काहीतरी छापून येतं, चकचकीत क्रोम, नवा रंग, टाकीवरचा जुना बिल्ला, फोटो बघायला छानच वाटतं आणि ते बघून कुठल्यातरी घरात कोणीतरी उठतं, ताडपत्री बाजूला करतं आणि आजोबांची नाहीतर वडिलांची टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणारी जुनी गाडी, उजेडात आणतं. हे पत्र त्याच्या पुढच्या अर्ध्या तासाबद्दल आहे. वीस-पंचवीस वर्षं उभ्या असलेल्या गाडीचं जे नुकसान गंजाने होत नाही ते या अर्ध्या तासात होतं, आणि मी हे ऐकीव सांगत नाहीये.

माझ्या वडिलांची गाडी 22 वर्षं उभी होती. किक अजिबात खाली जात नव्हती. एका मेकॅनिकला बोलावलं, त्याने स्पार्क प्लग काढला, प्लगच्या भोकातून लोखंडी सळई घातली आणि वरून हातोडी मारायला सुरुवात केली, मी शेजारी उभा होतो आणि मला वाटलं याला कळत असेल. चार-पाच घाव झाले आणि आवाज बदलला, आधी टणटण येत होता तो एकदम बद्द झाला. हेड, म्हणजे सिलेंडरचं वरचं झाकण, उघडलं तर पिस्टनच्या डोक्याला आरपार भोक, आणि पिस्टन होता तिथेच, केसभरही हललेला नाही. कंपनीतून आलेला पहिला पिस्टन होता तो, त्या इंजिनचं बोअर, म्हणजे सिलेंडर आतून कापून मोठा करणं, कधी झालंच नव्हतं. वडिलांनी आयुष्यभर मोजून ऑइल टाकून जपलेला पिस्टन आम्ही पाच मिनिटांत फोडला, याचं मला आजही वाईट वाटतं आणि म्हणूनच लिहितोय.

लोक सरसकट म्हणतात इंजिन सीज झालंय. पण जाम होण्याचे दोन प्रकार आहेत आणि ते वेगळे ओळखता आले पाहिजेत. एक म्हणजे चालू गाडी तापून पकडली जाते. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलेंडर बहुतेक जुन्या गाड्यांत बिडाचा, आणि ॲल्युमिनियम तापलं की बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे ऑइल कमी पडलं किंवा मिक्श्चरमध्ये पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली की पिस्टन सिलेंडरला घासून चिकटतो. दुसरा प्रकार म्हणजे गाडी चांगली चालत असताना उभी केली आणि उभ्या उभ्याच आतून गंजली. वर्षानुवर्षं पडून असलेल्या गाड्यांमध्ये बऱ्याचदा हाच दुसरा प्रकार असतो, आणि वेळ दिला तर यातून इंजिन सुटायची खूप आशा असते. म्हणजे घरच्यांना आधी एवढंच विचारायचं, गाडी शेवटी चालत घरी आली होती की ढकलत?

टू-स्ट्रोक आतून इतकी गंजते कशी तेही सांगतो. यात फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नसतात, सिलेंडरच्या भिंतीतच खिडक्या असतात, पोर्ट म्हणतात त्यांना, आणि पिस्टन वरखाली होताना त्याच उघडतो नि बंद करतो. पिस्टन जिथे थांबतो तिथे बहुतेक वेळा कुठली ना कुठली खिडकी थोडीफार उघडी राहते, मग सायलेन्सरमधून नाहीतर कार्ब्युरेटरमधून दमट हवा सरळ आत. त्यात क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या खालच्या दांड्याच्या, खाली ऑइलचा साठाही नसतो, पेट्रोलबरोबर येतं तेवढंच ऑइल, बेअरिंगवर त्याचा पातळ थर, तो किती वर्षं पुरणार. पिस्टनभोवतीच्या रिंगा सिलेंडरला टेकलेल्या असतात तिथे गंजाची रेघ धरते आणि तेवढ्या रेघेवर अख्खं इंजिन अडतं. बहुतेक वेळा पिस्टन पकडलेला नसतोच, दोन रिंगा पकडलेल्या असतात. हे एकदा डोक्यात बसलं की हातोडी आपोआप खाली ठेवली जाते.

मग करायचं काय. आधी इंजिनच जाम आहे की दुसरंच काही ते बघा, कारण कधी कधी किकचा दांडा किंवा त्याचा गिअर अडकलेला असतो, आणि कधी मॅग्नेटचं (प्लगच्या ठिणगीसाठी वीज तयार करणारं) चाक गंजून आतल्या कॉइलच्या पट्ट्यांना धरलेलं असतं आणि पिस्टन बिचारा मोकळाच असतो. गाडी न्यूट्रलला टाका, मॅग्नेटचं कव्हर काढा, प्लग काढा आणि मॅग्नेटच्या नटावर साधा पाना लावून हलकं हलवून बघा. पान्याला पाइप लावून लांबी वाढवायची नाही, किकवर उडी मारायची नाही, गिअरमध्ये टाकून उतारावरून ढकलायची तर नाहीच नाही. तुटणारी वस्तू नेहमी गंजापेक्षा महाग असते, किकच्या गिअरचा दात, पिस्टन आणि क्रँकला जोडणारा कनेक्टिंग रॉड, क्रँकची पिन.

इंजिनच जाम निघालं तर सायलेन्सरचा पाइप काढून टॉर्च मारून पोर्टमधून आत बघा, पिस्टन कुठे थांबलाय ते दिसतं. हे बघणं फार महत्त्वाचं आहे, कारण सगळे सांगतात प्लगच्या भोकातून ऑइल सोडा आणि ठेवून द्या, पण पिस्टन खाली थांबलेला असेल तर ते ऑइल पोर्टमधून बाहेर वाहून जातं आणि आपण आठवडाभर वाट बघत बसतो, आत रिंग कोरडीच. अशा वेळी एक्झॉस्टच्या तोंडावर रबराचा तुकडा आणि पत्र्याची पट्टी बोल्टने आवळून बंद करायचं आणि मगच भरायचं. काय भरायचं यावर प्रत्येकाचं वेगळं मत. काहीजण ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड निम्मं निम्मं घेतात, ते झिरपतं चांगलं पण एकजीव राहत नाही, सारखं हलवावं लागतं, रंगावर सांडलं तर रंग गेला, आणि ॲसिटोन चटकन पेट घेतं. मी डिझेल आणि पातळ ऑइल वापरतो. त्याला जास्त दिवस लागतात पण ज्या गाडीने वीस वर्षं काढली तिला वीस दिवसांचं काय.

वडिलांच्या गाडीनंतर एका नातेवाइकांची गाडी माझ्याकडे आली, तीही तशीच जाम, आणि तिला मी हातोडी दाखवली नाही. रोज सकाळी प्लगच्या भोकातून बारीक काडी घालून ऑइलची पातळी बघायचो. पहिले आठ-नऊ दिवस पातळी जागची हलली नाही. मग एके दिवशी काडीवरची ओली खूण थोडी खाली आली, दुसऱ्या दिवशी अजून खाली, म्हणजे ऑइल रिंगांच्या कडेने वाट काढत होतं. त्या दिवशी मला जो आनंद झाला तो नंतर गाडी सुरू झाल्यावर झाला त्यापेक्षा कमी नव्हता. मग वरून परत भरायचं, हीट गनने फक्त सिलेंडर बाहेरून कोमट करायचा (डिझेल-पेट्रोलच्या वासात उघडी ज्योत अजिबात नको), थंड होऊ द्यायचा आणि पान्याने एकदा इकडे एकदा तिकडे, अगदी बेताचा जोर. एकोणिसाव्या दिवशी पाना हातात थोडा सैल वाटला. आधी वाटलं नटच फिरला, पोर्टमधून बघितलं तर पिस्टनची कड आधीच्या गंजाच्या रेघेपासून कागदाच्या जाडीएवढी सरकली होती. त्या दिवशी मी तिथेच थांबलो, अजून ऑइल सोडलं आणि दोन दिवसांनी इंजिन पूर्ण फिरलं.

फिरलं की लगेच किक मारून सुरू करायचा मोह होतो. कृपा करून तेही करू नका. आत गंजाचा चुरा आहे, तो ऑइलबरोबर खाली क्रँकच्या बेअरिंगवर गेलाय. हेड आणि सिलेंडर काढा, आणि काढताना सिलेंडर सरळ वर ओढा, डावीउजवीकडे पिळू नका. टू-स्ट्रोकच्या पिस्टनमध्ये रिंगच्या दोन टोकांमध्ये एक बारीक पिन असते, रिंग फिरून तिचं टोक पोर्टच्या खिडकीत जाऊ नये म्हणून, आणि आपण सिलेंडर पिळला तर तेच टोक खिडकीत अडकतं आणि रिंग तुटते, पोर्टची कडही जाते. मग सिलेंडर मोजून घ्या. होनिंगवर, म्हणजे आतून नुसतं हलकं घासून, निघालं तर उत्तम, नाहीतर बोअर करून 0.25 किंवा 0.50 मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन. बोअर झाल्यावर पोर्टच्या कडा हाताने गोल करून घेतल्या का ते नक्की विचारा, मशीनवर त्या धारदार होतात, आणि तशाच राहिल्या तर नवीन रिंगा तासून काढतात. कनेक्टिंग रॉड धरून वर-खाली हलवून बघा, वर-खाली खेळ अजिबात नको, बाजूला थोडा असतोच.

आता ज्यासाठी मी खरं तर पेन हातात घेतलं तो मुद्दा. इंजिन सोडवलं, पिस्टन नवा टाकला, कार्ब्युरेटर धुतला, गाडी पहिल्या चार किकमध्ये सुरू झाली, फोटो काढले, आणि थोडं अंतर गेल्यावर परत जाम! हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय. आणि दरवेळी दोष पिस्टनला, नाहीतर ऑइलला. पण टू-स्ट्रोकमध्ये क्रँकची पेटी हाच पंप असतो, मिक्श्चर आधी तिथे खेचलं जातं आणि मग तिथून वर ढकललं जातं, आणि ही पेटी हवाबंद ठेवतात ती क्रँकच्या दोन बाजूंची दोन रबरी सीलं. वीस वर्षांत रबर लाकडासारखं होतं. मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं की फुकटची हवा आत, पेट्रोल कमी, म्हणजे ऑइलही कमी, पिस्टन तापला आणि पकडला. क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअर बॉक्समधलं ऑइल खेचलं जातं आणि धूर थांबता थांबत नाही. ही सीलं दिसत नाहीत, फोटोत येत नाहीत, म्हणून कोणी बदलत नाही.

तपासणं अवघड नाहीये. कार्ब्युरेटरचं तोंड आणि एक्झॉस्ट रबर लावून बंद करायचं, प्लगच्या भोकातून थोडी हवा भरायची, 6 पीएसआयच्या (टायरची हवा मोजतात तेच माप) आसपास, जास्त नको, नाहीतर चांगलं सीलही जागचं हलतं. मी बीपी मोजायच्या यंत्राचा फुगा आणि काटा वापरतो, काटा 300 ला नेला की साधारण तेवढाच दाब होतो. काटा काही मिनिटं जागेवर राहिला तर ठीक, भराभर खाली आला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे कुठे येतात ते बघा.

बाकीच्या गोष्टी नेहमीच्याच आहेत, टाकीतला गंज काढणं, कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोलचं बारीक भोक) तार न घालता हवा मारणं, ठिणगीचे पॉइंट घासणं, जुन्या पुस्तकात ऑइल-पेट्रोलचं प्रमाण 1:25 लिहिलं असेल तर लिटरला 40 मिली ऑइल मोजून टाकणं. त्या लोक करतातच.

कोणी म्हणेल एका जुन्या धूर सोडणाऱ्या इंजिनसाठी एवढं कशाला. मला वाटतं एवढ्या साध्या रचनेचं दुसरं इंजिन नाही. मुख्य फिरणारे-हलणारे भाग तीन, पिस्टन, रॉड आणि क्रँक. इंग्लंडच्या जोसेफ डे यांनी 1890 च्या आसपास क्रँकच्या पेटीलाच पंप बनवायची युक्ती काढली, आणि जर्मनीत 1939 ला आलेल्या डीकेडब्ल्यू कंपनीच्या आरटी 125 या मोटरसायकलवरून युद्धानंतर इंग्लंडची बीएसए बँटम निघाली, अमेरिकेत हार्लेची 125 निघाली, आणि 1955 ची यामाहाची पहिली मोटरसायकल वायए-1 सुद्धा तिच्यावरूनच बेतलेली. घराच्या कोपऱ्यात उभी असलेली गाडी त्याच घराण्यातली असते. ती जाम आहे म्हणून भंगारात जाते तेव्हा माझा जीव तुटतो, कारण बऱ्याचदा ती गाडी फक्त दोन रिंगांपाशी अडलेली असते.

तर संपादक साहेब, पुढच्या वेळी अशा गाडीचा फोटो छापाल तेव्हा सोबत चार ओळीत एवढं छापा की किक जात नसेल तर मारू नका, पाइप काढून पिस्टन कुठे आहे ते बघा, ऑइल सोडा आणि थांबा, आणि सुरू करायच्या आधी क्रँकची सीलं बदला. वडिलांच्या गाडीचा सिलेंडर आता 0.50 वर बोअर होऊन आलाय, दोन्ही सीलं आणून ठेवली आहेत. भोक पडलेला पिस्टन मी टाकलेला नाही, मुलाला गाडीचं काम शिकवायला बसलो की सगळ्यात आधी तो त्याच्या हातात देतो.

आपला,
एक नियमित वाचक