बाबा, ठेव मोडू नका

एडिसन, न्यू जर्सी
१६ मार्च २०२५

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

रविवारी तुम्ही "ठेव मोडून वकिलाचे पैसे पाठवतो" म्हणालात आणि मला पुढे बोलवेना, म्हणून फोन ठेवला. आज शांतपणे लिहिते. ठेव मोडू नका. यांच्या वकिलाला आत्ता एक डॉलरही द्यायचा नाही.

तुमचा विश्वास बसणार नाही, ठाऊक आहे. बांधाच्या दाव्यापायी चौदा वर्षं तुम्ही कराडच्या कोर्टात खेपा घातल्यात, आणि तारीख पुढे ढकलली तरी वकिलाच्या हातावर पैसे ठेवलेत. आपल्याकडे वकिलाने निकालावर फी ठरवायची नाही, असा बार कौन्सिलचा नियमच आहे. इथे सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे काम करता न येणाऱ्याला दरमहा पैसे देणाऱ्या सरकारी खात्याच्या, अपंगत्वाच्या दाव्यात बरोबर उलटं. हरलो तर फी नाही. जिंकलो तर मागच्या थकबाकीचा, म्हणजे निकालापर्यंत साचलेल्या पैशांचा, चौथा हिस्सा किंवा ९,२०० डॉलर, यांतलं जे कमी असेल ते. ही मर्यादा सरकारने घातलेली आहे. ३० नोव्हेंबर २०२४ च्या आधी ती ७,२०० होती.

थकबाकीचा हिशेब असा. यांचं काम सप्टेंबर २०२३ मध्ये सुटलं. त्यापुढच्या पाच पूर्ण महिन्यांचं काही मिळत नाही. मार्च २०२४ पासूनचं मात्र निकाल लागेपर्यंत साचत जातं. महिना १,८०० डॉलर धरले आणि वीस महिने साचले, तर ३६,००० होतात. त्यातले वकिलाचे ९,०००. अजून दहा महिने लांबलं तर ५४,०००. त्याचा चौथा हिस्सा १३,५०० होतो, पण वकिलाला मिळणार ९,२००च. निकालानंतर दरमहा जे येईल त्यात त्याचा वाटा नाही.

आणि हे पैसे आपल्या हातून जातच नाहीत. सोशल सिक्युरिटीचं खातं ते थकबाकीतून कापून थेट वकिलाला पाठवतं. मंजुरीवाचून परस्पर फी घेणं हा इथे गुन्हा आहे. करारावर सह्या करून तो निकालाआधी दाखल करावा लागतो. तो आम्ही केला. वरच्या कोर्टात जायची वेळ आली तर फीचा हिशेब वेगळा, ते कलम मी दोनदा वाचून घेतलं.

तुम्ही विचाराल, मग वकील मुद्दाम लांबवणार नाही का? मलाही पहिल्या रात्री हीच शंका आली होती. पण मर्यादा गाठली की पुढच्या महिन्यांतून त्याला काही सुटत नाही, काम मात्र वाढतं. शिवाय सुनावणी कधी लागायची ते त्याच्या हातात नाही.

मला खरं लागलं ते दुसरंच. याच्या आधी दोन वकिलांनी यांची फाइल चाळून परत दिली. तेव्हा वाटलं, यांचं दुखणं त्यांना खोटं वाटतंय. आता कळतं, जिंकल्याशिवाय ज्याला पैसे नाहीत तो आधी कागद बघणार. पण ज्याच्याकडे डॉक्टरकडे जायलाच पैसे नव्हते, त्याचे कागद कुठून जाड होणार? त्याला वकील कोण देणार? हे मला अजून पटत नाही. पहिला अर्ज आणि फेरविचार, दोन्ही वेळा आमचेही कागद अपुरेच पडले होते.

खर्च आहे तो दवाखान्यांकडून कागदांच्या नकला मागवण्याचा. तो हरलो तरी द्यावा लागेल, पण अडीचशे डॉलरच्या आत आहे आणि तेवढे माझ्याकडे आहेत.

पैशांऐवजी एक काम करा. २०११ साली पुण्यात यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, त्याची फाइल तुमच्या लोखंडी कपाटात, वरच्या कप्प्यात हिरव्या पिशवीत आहे. डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशनचा कागद, दोन्हींचे स्वच्छ फोटो काढून भाच्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. पाठीमागच्या बाजूचेही काढायला सांगा, सर्जनची सही तिथेच आहे. सुनावणी २२ मेला आहे आणि वकिलांना ते महिनाभर आधी हवेत.

आईला नमस्कार. हे आता काठीशिवाय मोरीपर्यंत जातात, हे तिला नक्की सांगा.

तुमची,
बेबी