माळ्यावरच्या वाघळांना अजून हाकलू नका

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

बाबा, माळ्यावर धुरी घालून वाघळं घालवायला गडी सांगू का, असं तुम्ही विचारलंत. त्याच दमात आईने पेपरातली बातमी वाचून दाखवली, ‘वटवाघळांत नवा विषाणू’. दोन्हींचं उत्तर फोनवर नीट देता येईना, म्हणून लिहिते आहे. धुरी नको. बातमीलाही घाबरू नका. फक्त वाघळापेक्षा त्याच्या गोचिडावर लक्ष ठेवा.

गुरांच्या कानात, कासेला चिकटतो तो कडक पाठीचा गोचीड तुमच्या ओळखीचा आहे. वाघळांचा बहुतेकदा निराळा, मऊ गोचीड असतो. त्याच्या पाठीवर टणक ढाल नसते, तोंड पोटाच्या बाजूला असतं, वरून पाहिलं तर सुरकुतलेली मनुका. वाघळाच्या अंगावर दिवसच्या दिवस चिकटून राहतं ते या गोचिडाचं सहा पायांचं पिल्लू. मोठा झाला की तो ढेकणासारखा वागतो. भेगेत दडायचं, वाघूळ विसावलं की बाहेर येऊन तास-अर्ध्या तासात रक्त प्यायचं आणि परत भेगेत. उपाशी तो महिनोनमहिने काढतो, काही जाती तर वर्षं काढतात.

आता धुरी घातली तर काय होईल? वाघळं तासाभरात पळतील. भेगेतले गोचीड मात्र तिथेच राहतील, आणि जेवण गेलेलं असेल. मग माळ्याच्या फळ्यांच्या फटींतून ते खाली, झोपलेल्या माणसाच्या उबेकडे उतरतात. वाघळांचे ढेकूणही तेच करतात.

ही नुसती कल्पना नाही. किर्गिझस्तानातल्या इस्सिक-कूल सरोवराच्या नावाचा एक विषाणू १९७० साली वाघळात आणि त्याच्या मऊ गोचिडात मिळाला, आणि पुढे १९८२ मध्ये ताजिकिस्तानात माणसांना त्याचा ताप आला. तो गोचीड युरोप, आफ्रिका, आशिया तिन्हीकडे आहे, आणि घरांच्या छपरांत राहणाऱ्या वाघळांबरोबर तो घरात शिरतो. थायलंडमधल्या गुहांतला कँग खोई नावाचा विषाणू वाघळांत आणि त्यांच्या ढेकणांतही मिळाला. युगांडातला कासोकेरो विषाणू १९७७ मध्ये फळं खाणाऱ्या गुहेतल्या वाघळांच्या रक्तात सापडला आणि त्यावर काम करणाऱ्या प्रयोगशाळेतलीच माणसं आजारी पडली. तो गुहेतल्या मऊ गोचिडांत असल्याचं छापून यायला २०२० उजाडलं. चाळीस वर्षांहून जास्त काळ सगळे वाघळाकडे पाहत होते आणि तो भिंतीच्या भेगेतही होता.

आपल्या भागातला माकडताप घ्या. २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात त्याची साथ आली. त्याचा विषाणू १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात सापडला. साठच्या दशकात तोच वाघळांतून आणि वाघळांच्या मऊ गोचिडांतूनही वेगळा काढला गेला. तरी काजूच्या बागेत माणसाला तो देतात ते जंगलातल्या कडक गोचिडांची अर्धवट वाढलेली पिल्लं, वाघळं नव्हेत. एखाद्या प्राण्यात विषाणू मिळणं आणि त्या प्राण्यापासून आजार होणं यांत बरंच अंतर असतं. पेपरवाले ते अंतर एका मथळ्यात ओलांडतात.

महाराष्ट्रातलंच उदाहरण द्यायचं तर मालसूर विषाणू. २०१० च्या पाहणीत रूसेटस जातीच्या, म्हणजे गुहेत राहून फळं खाणाऱ्या वाघळांत तो मिळाला आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची पूर्ण जनुकीय माहिती वाचल्यावर कळलं, की त्याचे जवळचे नातलग दोन: चीनमधला एसएफटीएस आणि अमेरिकेतला हार्टलँड. दोन्ही गोचिडाने पसरतात आणि दोन्ही माणसाला गंभीर आजारी करतात. भाऊ चोर म्हणून हाही चोर, असं होत नाही. पण भाऊ चोर असेल तर आपण कडी-कोयंडा तपासतो, तेवढंच.

आई, ‘सापडला म्हणजे नक्की काय करतात’ हा तुझा प्रश्न. वनखात्याची परवानगी, रेबीजची लस आधीच घेतलेली माणसं, जाड हातमोजे, मास्क, ही तयारी झाली की तिन्हीसांजेला गुहेच्या किंवा झाडाच्या वाटेवर बारीक जाळं लावतात. जाळ्याजवळून कुणी हलायचं नाही. दहा मिनिटं दुर्लक्ष झालं तर वाघूळ गुरफटतं किंवा जाळं कुरतडतं. सोडवलेलं प्रत्येक वाघूळ वेगळ्या कापडी पिशवीत. घाईत दोन एका पिशवीत घातली की गोचीड आणि माश्या याच्या अंगावरून त्याच्या अंगावर जातात, आणि पुढची सगळी नोंद खोटी ठरते. पिशवी एकदा वापरली की उकळल्याशिवाय परत वापरायची नाही.

रक्त काढायचं ते वजनाच्या एक टक्क्याहून जास्त नाही. आपल्या माळ्यावरची पाकोळी, म्हणजे कीटक खाणारं लहान वाघूळ, जेमतेम ४ ग्रॅमची, म्हणजे ४० मायक्रोलिटर, एक बारीक थेंब. पंखाच्या शिरेला सुई टोचून केशनळीने तो उचलतात, बोटाने दाबून रक्त थांबवतात आणि वाघळाला सोडून देतात. मग अंगावरचे पाहुणे. वाघळावर एक बिनपंखी माशी असते, दिसायला कोळ्यासारखी आणि केसांतून इतकी सरसर पळते की चिमटा घेऊन मागे लागावं लागतं. ती अंडी घालत नाही. पोटातच वाढवलेली अळी भिंतीवर चिकटवते आणि परत वाघळावर चढते. आफ्रिकेत या माश्यांतही नवे विषाणू मिळालेत.

पुष्कळ चुका इथेच होतात. गोचीड ओळखायला सोपा जावा म्हणून सगळे अल्कोहोलात बुडवले, तर गोचीड टिकतो पण जिवंत विषाणू मरतो. म्हणून विषाणूसाठीचे कोरडेच द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर, आणि ओळखीसाठी थोडेच अल्कोहोलात. कोरड्या बर्फातून पाठवायचे तर नळीचं झाकण घट्ट लावायचं, नाहीतर कार्बन डायऑक्साइड आत शिरून द्रावण आंबट होतं आणि विषाणू मरतो. वाटेत एकदा वितळून परत गोठला तरी त्यातला आरएनए, म्हणजे विषाणूची जनुकीय माहिती, तुटतो.

प्रयोगशाळेत गोचीड आधी थंड तबकडीवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली ओळखतात. बाहेरून लागलेलं काही निघून जावं म्हणून ७० टक्के अल्कोहोलने एकदा विसळतात आणि निर्जंतुक द्रावणाने तीनदा धुतात. मग एका जातीचे, वाढीच्या एका टप्प्याचे, एका वाघळावरचे मिळून गट करून मणी घातलेल्या नळीत बारीक वाटतात. वीस गोचिडांच्या गटात विषाणू मिळाला तर निदान एकात होता एवढंच म्हणता येतं, वीसही बाधित होते असं नाही.

आणि मुख्य फसगत पुढे आहे. रक्त पिऊन फुगलेल्या गोचिडात विषाणू मिळाला, तर तो गोचिडाचा की नुकत्याच प्यायलेल्या रक्तातला? खात्री करायची तर त्याला जिवंत ठेवून रक्त पचू द्यायचं, कात टाकू द्यायची आणि पुढच्या टप्प्यात, काही न प्यायलेला असताना, तपासायचं. तेव्हाही विषाणू असेल, तर तो गोचिडात टिकतो म्हणायचं. लाळग्रंथींत मिळाला तर आणखी पक्कं, कारण चावताना बाहेर येते ती लाळ.

वाघळाच्या लेंडीचंही असंच. कीटक खाणारी पाकोळी रात्रभर डास, पतंग, भुंगे खाते आणि त्यांचे विषाणूही लेंडीतून बाहेर पडतात. लेंडीत मिळालेला ‘वाघळाचा नवा विषाणू’ हा कित्येकदा पतंगाचा असतो. शिवाय जुन्या विषाणूंचे तुकडे पिढ्यान्‌पिढ्या गोचिडाच्या स्वतःच्या डीएनएत बसलेले असतात. जनुकीय माहिती वाचणारं यंत्र तेही विषाणू म्हणून दाखवतं. म्हणून तोच तुकडा डीएनएत आहे का हे वेगळं तपासतात, आणि विषाणूच्या जनुकीय माहितीचे सगळे भाग मिळतात का ते पाहतात. मालसूरच्या जातकुळीत ते तीन असतात, लांब, मध्यम, आखूड. एकच मिळाला तर गप्प बसायचं. दर खेपेला एक कोरी नळीही सगळ्या पायऱ्यांतून न्यायची. त्या नळीतही ‘विषाणू’ निघाला तर तो आपल्याच टेबलावरचा.

यानंतर विषाणू जिवंत पेशींत वाढवून पाहणं. माकडाच्या मूत्रपिंडापासून केलेल्या व्हेरो पेशी ३७ अंशांवर, डासाच्या सी६/३६ पेशी २८ अंशांवर. बाबा, या डासाच्या पेशींचं मूळ पुण्याचं. १९६७ मध्ये सिंग यांनी तिथल्या विषाणू संशोधन केंद्रात एडिस अल्बोपिक्टस डासाच्या पेशी वाढवल्या आणि १९७८ मध्ये इगाराशी यांनी त्यांतून सी६/३६ निवडल्या. आज जगभर डेंगीसाठी त्या वापरतात. आठवडाभर रोज पाहायचं, पेशी फुगतात का, सुटतात का. काही दिसलं नाही तरी द्रव नव्या पेशींवर टाकायचा, असं तीनदा. फक्त डासाच्या पेशींत वाढला आणि व्हेरोत नाही, तर तो बहुधा कीटकांपुरताच. दोन्हींत वाढला तर काम वाढलं. मग जवळपासच्या माणसांच्या रक्तात त्याला निकामी करणारी प्रतिद्रव्यं आहेत का ते पाहायचं. मथळा यायला हवा तो खरा इथे, आणि इथवर फार थोडे विषाणू पोचतात.

आता माळ्याचं. संध्याकाळी दोघांनी अंगणात दोन बाजूंना बसून पाकोळ्या कुठून बाहेर पडतात ते पाहा. बोटाएवढी फटही त्यांना पुरते. सगळ्या गेल्यावरही आतून बारीक चिवचिव आली तर पिल्लं आहेत. तसं असेल तर ती उडू लागेपर्यंत काही करू नका, नाहीतर आत मरतील, कुजतील.

आधी खालची बाजू. माळ्याच्या फळ्यांतल्या, भिंत आणि फळी यांच्यातल्या, वायरीच्या भोकाच्या फटी लांबीने (पुट्टीने) किंवा सिमेंटने बुजवा. मगच बाहेरच्या भोकावर ४ मिलिमीटरहून बारीक जाळी लावा, वर आणि दोन्ही कडांना घट्ट, खाली मोकळी, भोकाखाली दोन फूट लोंबती. पाकोळी खालून सरपटत निघते, परतताना मात्र भोकाशीच धडकते आणि आत जाता येत नाही. सात रात्री ठेवा. पावसाची रात्र धरू नका, तेव्हा त्या निघतच नाहीत. नंतर भोक बंद.

लेंड्या सुक्या झाडू नका, त्यांत बुरशीही असते. एन-९५ मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्या. बाजारातल्या ४-५ टक्क्यांच्या हायपोक्लोराइटचा एक वाटा, पाणी नऊ वाटे, फवारून वीस मिनिटं थांबा आणि ओलं असतानाच खरवडा. त्यात संडासचं ॲसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. अंगावर गोचीड दिसला तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल, तेल, विडीचा चटका, काही नको. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना गोचिडाचं आवर्जून सांगा. वाघळाने ओरखडलं तरी पंधरा मिनिटं साबणाने धुवायचं आणि त्याच दिवशी रेबीजची लस.

आई, तोवर पलंग भिंतीपासून हातभर पुढे घे आणि मच्छरदाणी गादीखाली खोचत जा. गडी रद्द करा, सुतार बोलवा, आणि त्याला पहिल्यांदा आतल्या फटी दाखवा.

तुमची लेक