टिटवीची चार अंडी

प्रिय सुध्या,

फोनवर तू दोन मिनिटांत 'मीटिंग आहे' म्हणतोस, म्हणून पत्र.

डॉक्टरनं शुगर सांगितल्यापासून रोज पहाटे कॅनॉलवर जातो. आपला तोच, जायकवाडीचा डावा कालवा. पैठणहून निघतो, २०८ किलोमीटर लांब. परभणीकडं येईस्तोवर पाणी दमून जातं, असं दादा म्हणायचे. सध्या उन्हाळी पाळी सुरू आहे, कॅनॉल भरून वाहतोय. आठ दिवस मी नुसती पावलं मोजली, मग हळूहळू पाखरं दिसायला लागली. वेडे राघू तर तारेवर ओळीनं बसलेले असतात. पण खरी गंमत बंड्याची, म्हणजे काळ्या-पांढऱ्या खंड्याची. निळा खंड्या फांदीवर बसून वाट बघतो; हा गडी पाण्यावर अधांतरी पंख फडफडवत एका जागी थांबतो आणि एकदम दगडासारखा खाली. काल पाच बुड्या मारल्या, मासा एकदाच. तरी तोंडावर लाज नाही!

पण पत्र लिहायला बसलो ते टिटवीसाठी. भरावावरच्या मुरमाड रस्त्याकडेला तिची चार अंडी आहेत. घरटं कसलं, चार खडे इकडंतिकडं सारून केलेला खळगा. मातकट रंगावर काळे डाग; मी त्यावर पाय देणारच होतो, तिनं डोक्यावर घिरट्या घालून 'टिटीव टिटीव' करत पळवून लावलं.

परवा अकराच्या उन्हात शेतात जाताना लांब बाभळीखाली थांबलो. टिटवी उठली, उतारानं पाण्याशी गेली, पोटाची पिसं भिजवून घेतली आणि तुरुतुरु येऊन तशीच ओली अंड्यांवर बसली. अंडी तापू नयेत म्हणून! पुन्हा अर्ध्या तासानं तेच. आपण ज्या पाण्यासाठी रात्री चारीवर भांडतो, त्यातलं ती पोटभर घेऊन जाते, म्हणजे पोटावर घेऊन जाते.

तेव्हा आठवलं. सहावीत तू एक अंडं चड्डीच्या खिशात घातलं होतंस आणि कुंपण ओलांडताना ते फुटलं. तू म्हणतोस मी घातलं होतं. असू दे. टिटवी मात्र शाळेपर्यंत मागं आली होती, ते दोघांनाही आठवतं.

गावात म्हणतात, टिटवीनं अंडी उंचावर घातली की पाऊस जास्त. ही भरावावर आहे, म्हणजे यंदा बरंच म्हणायचं. आमच्या घरातून मात्र पेरणीआधी एवढ्यावर विश्वास ठेवायला कुणी तयार नाही.

रस्त्यानं ट्रॅक्टर जातात, म्हणून दोन्ही अंगांना काटेरी फांदी टाकून ठेवली. कुणी उचलून सरपणाला नेली, मी दुसरी टाकली. आज सकाळी तिसरी टाकून आलो.

पावसाच्या आत ये. येताना तुझी ती दुर्बीण आण, कपाटात पडून काय करणार आहे.

तुझा,
बाळ्या