कुंभाआधी एक दिवस पंप हाताने चालवून पाहा

मा. आयुक्त,
नाशिक महानगरपालिका

स.न.वि.वि.

मी अंबड एमआयडीसीत पीएलसी (यंत्रं चालवणारा छोटा औद्योगिक संगणक) आणि कंट्रोल पॅनेलची कामं करतो. २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात पाण्याची, मलनिस्सारणाची, कॅमेऱ्यांची कामं निघत आहेत. सगळं एका पडद्यावर दिसावं, तिथूनच चालावं, ही अपेक्षा रास्तच आहे. पण सायबर हल्ला करून तो पडदा कुणी काळा केला तर गंगापूर आणि मुकणे धरणांवरचे पंप कोण चालवणार, कसे चालवणार, हे निविदेतच लिहिलेलं असावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी, रशियन फौजा युक्रेनमध्ये घुसायच्या तासभर आधी, व्हायासॅट कंपनीच्या उपग्रह इंटरनेट सेवेवर हल्ला झाला. वरच्या उपग्रहाला काहीही झालं नाही. जमिनीवरच्या एका व्हीपीएनची (दुरून नेटवर्कमध्ये शिरण्याच्या सुरक्षित वाटेची) सेटिंग चुकली होती. तिथून आत शिरून हजारो मोडेम निकामी केले गेले. त्यात जर्मनीतल्या सुमारे ५,८०० पवनचक्क्यांचा कंट्रोल रूमशी संपर्क तुटला. तरी त्या वीज देत राहिल्या, कारण त्यांचं स्वतःचं नियंत्रण जागेवरच होतं. युक्रेनमध्ये डिसेंबर २०१५ मध्ये हल्लेखोरांनी ऑपरेटरच्या डोळ्यांदेखत सबस्टेशनचे ब्रेकर (वीज तोडणारे मोठे स्विच) पाडले, म्हणजे बंद केले, आणि सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. काही तासांत वीज परत आली, कारण माणसं गाड्या काढून सबस्टेशनवर गेली आणि त्यांनी ब्रेकर हाताने चढवले. त्यांना ते येत होतं.

आपल्याकडे ते येणारी माणसं दरवर्षी निवृत्त होत आहेत. कोणता व्हॉल्व्ह किती आटे फिरवला की कोणत्या गल्लीला पाणी जातं, हे आजही व्हॉल्व्हमनच्या हातात आहे. ते कागदावर उतरवून घ्या. पंपाच्या पॅनेलवर ‘लोकल-रिमोट’ असा एक सिलेक्टर स्विच असतो: लोकलवर पंप जागेवरून चालतो, रिमोटवर दुरून. मी ज्या ज्या कारखान्यांत गेलो, तिथे बऱ्याचदा तो वर्षानुवर्षं रिमोटवरच असतो, बोटाने फिरतसुद्धा नाही, आणि पॅनेलच्या दाराला आतून चिकटवलेल्या पट्टीवर मार्करने पासवर्ड लिहिलेला असतो. ठेकेदार काम संपवून गेला तरी त्याचं रिमोट लॉगिन चालूच असतं. शहराच्या पाण्याबाबत असं चालणार नाही.

वेळेचा प्रश्नही यातच येतो. मोबाइल टॉवर आणि वीज सबस्टेशन अचूक वेळ जीपीएसच्या उपग्रहांकडून घेतात. जमिनीवर पोचेपर्यंत तो सिग्नल इतका क्षीण होतो की जवळून सोडलेला खोटा सिग्नल त्याला दाबून टाकतो. म्हणून वेळेसाठी दुसरा स्रोत हवाच.

उपग्रह एकदा वर गेला की सहसा कुणी तिथे जाऊन त्याचं सर्किट कार्ड बदलत नाही. म्हणून कुणाची आज्ञा मानायची, कोणतं सॉफ्टवेअर स्वीकारायचं, बिघाड झाला तर किमान काय चालू ठेवायचं, हे सगळं उड्डाणाआधीच ठरवून त्यात बसवावं लागतं. जमिनीत गाडलेल्या आपल्या यंत्रणेलाही हाच नियम लावा. नंतर सुरक्षा जोडायची म्हटली तर वेगळा खर्च, वेगळी निविदा, आणि तोवर पर्वणी येऊन ठेपलेली.

गोदावरीला पूर आला की आजही नाशिककर आधी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलंय ते विचारतात. विसर्गाचे आकडे मोबाइलवर येतात, तरीही. पुराच्या मोजणीत असा एक डोळ्यांनी वाचता येणारा, कशालाही न जोडलेला आधार प्रत्येक ठिकाणी ठेवायला हवा.

सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला) कळवणं २०२२ पासून बंधनकारक आहे. रात्री दोनला हा फोन कोण करणार, त्याचं नाव पंपिंग स्टेशनच्या भिंतीवर लावा. आणि पर्वणीच्या बऱ्याच आधी, गर्दी नसलेला एखादा दिवस निवडून कंट्रोल रूम मुद्दाम बंद ठेवा. पंपापासून टाकीपर्यंत सगळं हाताने चालवून पाहा, कुठे अडतं ते लिहून ठेवा.

तारीख ठरली की जाहीर करा. अंबड-सातपूरचे आम्ही काही पॅनेलवाले आपापली हत्यारं घेऊन, एक पैसाही न घेता मदतीला येऊ.

आपला,
अंबडचा एक ऑटोमेशन तंत्रज्ञ