रविवारच्या बैठकीची आठवण: सापडलेले जुने प्रवासफोटो

सभासदहो, नमस्कार.

रविवारी सकाळी साडेदहाला, दादरला नेहमीच्या जागी. प्रत्येकाने प्रवासाचा एकच जुना फोटो आणायचा. घरातला नको, रद्दीत, चोरबाजारात किंवा जुन्या पुस्तकात सापडलेला, अनोळखी माणसांचा. सोबत तो पाहून सुचलेलं अर्धं पान.

मागच्या वेळी नेरळ-माथेरान गाडीपुढे उभ्या कुटुंबाचा फोटो आला होता. गाडी १९०७ साली सुरू झाली, म्हणून फोटोही शंभरीचा ठरवून आपण मोकळे झालो! नंतर कुणाच्या तरी लक्षात आलं की फोटो चौरस आहे. १२० नंबरच्या फिल्म रोलवर बारा चौरस फोटो काढणाऱ्या, गाडीनंतर कितीतरी वर्षांनी आलेल्या आगफा क्लिक थ्रीसारख्या कॅमेऱ्याचा असावा, म्हणजे बराच अलीकडचा. तेव्हा आधी आकार, कडा, पाठीवरचा शिक्का बघा. पाटीवर ‘व्हिक्टोरिया टर्मिनस’ दिसलं, तर फोटो बहुधा १९९६च्या नामांतराआधीचा, इतकंच. पुढे खुशाल कल्पना लढवा, फक्त ती कल्पना आहे असं लिहा. (माथेरानच्या फोटोतल्या बाईंच्या हातातला फिरकीचा तांब्या माझ्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही.)

अल्बममध्ये चिकटलेला फोटो ओढून काढू नका, अल्बमच आणा. लॅमिनेशन मुळीच नको. पाठीवर लिहायचंच तर मऊ पेन्सिलने, बॉलपेनने नाही. पाऊस आहे, दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून वर प्लॅस्टिकची पिशवी घाला. मागे कुणाचं नाव-पत्ता असेल, तर ग्रुपवर टाकताना तो झाका.

चहा आहे, पण फोटोंच्या टेबलापासून लांब.