ई-सायकल गल्लीच्या तोंडाशीच ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

थंडीची चाहूल लागली की ई-सायकलवरून मुंबईची भित्तिचित्रे दाखवणाऱ्या सहलींच्या जाहिराती मोबाइलवर फिरू लागतात. तीन तासांत वांद्रे ते कुलाबा, अशा थाटाच्या. आम्ही या सायकली दुरुस्त करणारे आणि या भिंतींपाशी लोकांना नेणारे. आमच्या हिशेबात वांद्रे ते कुलाबा एका सकाळीत बसत नाही. ओढूनताणून बसवलेच तर चित्रे कमी आणि सिग्नलच जास्त बघायला मिळतात.

अंतर नकाशात दिसते तसे नाही. सागरी सेतूवर सायकल नेता येत नाही, कोस्टल रोडवर नाही, ईस्टर्न फ्रीवेवरही नाही. जे. जे. उड्डाणपुलावर दुचाकींना बंदी आहे. म्हणजे माहीम कॉजवे, दादर, परळ, लालबाग, भायखळा आणि मग उड्डाणपुलाखालून मोहम्मद अली रोडच्या गर्दीतून वाट काढायची. वीसेक किलोमीटरच्या या प्रवासात भिंत बघायला थांबावे अशा जागा दोन्ही टोकांना आहेत, मधल्या पट्ट्यात फार थोड्या. म्हणून दोन सहली कराव्यात. एक वांद्रे-माहीम-दादर आणि दुसरी चर्चगेट ते ससून डॉक.

वांद्रे-दादर सहल दहा किलोमीटरच्या आत संपते, पण तिला तीन तास लागतात आणि लागू द्यावेत. सुरुवात रेक्लमेशनला, एमटीएनएलच्या इमारतीपासून. तिथे 2014 मध्ये दादासाहेब फाळके रंगवले गेले. एवढे मोठे चित्र पायथ्याशी उभे राहून दिसत नाही. चित्राच्या उंचीच्या दीडपट ते दुप्पट अंतरावर मागे सरकावे लागते, त्यामुळे थांबा रस्त्याच्या पलीकडे ठरवावा लागतो आणि गटातल्या सहाही सायकली तिथे सुरक्षित उभ्या राहतील का, हे आधी बघून यावे लागते. कोणते चित्र आज कोणत्या अवस्थेत आहे हेही गाइडने आदल्या दिवशी फिरून तपासावे. इमारत नव्याने रंगवली, दुरुस्ती निघाली, होर्डिंग लागले की चित्र गेले. जुन्या यादीवर विसंबणारा गाइड लोकांना कोऱ्या भिंती दाखवतो.

तिथून चॅपल रोड आणि रणवार. आमचे मुख्य म्हणणे इथलेच आहे: ई-सायकल दोन भिंतींमधले अंतर कापायला आहे, भिंत बघायला नाही. गावठाणाच्या गल्ल्या अरुंद, घरांचे ओटे थेट रस्त्यावर, कोपऱ्यावर क्रूस, त्यापुढे मेणबत्त्या आणि फुले. अशा ठिकाणी बावीस-पंचवीस किलोच्या सहा सायकली एका रांगेत घुसल्या की रिक्षा अडते, दूधवाला अडतो, आणि दारातून बाहेर पडणाऱ्या म्हाताऱ्या बाईच्या पायाशी हँडल येते. चित्र बघायला मान वर गेली की हात कुठे जातो हे चालवणाऱ्याला कळत नाही. सायकली गल्लीच्या तोंडाशी साखळीने एकत्र बांधाव्यात, बॅटरीची किल्ली काढून खिशात टाकावी आणि पुढे पायी जावे. चित्रकार रणजित दहिया यांच्या बॉलीवूड आर्ट प्रोजेक्टची अनारकली चॅपल रोडवर 2012 मध्ये आली आणि 2020 मध्ये वरोडा रोडवर इरफान खान. ही चित्रे घरांच्या भिंतींवरची आहेत आणि आत माणसे राहतात. पट्ट्याला अडकवलेला छोटा लाउडस्पीकर गाइडने इथे बंद ठेवावा. रविवारी सकाळी हिल रोडवर चर्चची गर्दी असते, तर सप्टेंबरात मोतमाऊलीच्या, म्हणजे टेकडीवरच्या माउंट मेरी चर्चच्या, जत्रेचा आठवडाभर त्या बाजूला सायकल घेऊन जाण्यात अर्थ नाही.

मग माहीम कॉजवेवरून तुळशी पाइप रोड, म्हणजे सेनापती बापट मार्ग. रेल्वेची ही लांबच लांब भिंत ऑगस्ट 2009 मध्ये शेकडो लोकांनी येऊन रंगवली, पालिकेच्या संमतीने, ‘द वॉल प्रोजेक्ट’च्या पुढाकाराने. इथे दिशा महत्त्वाची. माहीमहून दादरकडे जाताना भिंत तुमच्या डाव्या हाताला, अगदी कडेला राहते. उलट दिशेने आलात तर मध्ये दुभाजक आणि अख्खी वाहतूक. तरीही काही सहली दादरहून सुरू होतात, फक्त तिथे गाड्या लावायला सोपे म्हणून.

ही भिंत पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी ती सावलीत असते, त्यामुळे साडेआठच्या आत रंग नीट दिसतात आणि फोटोत चकाकी येत नाही. पण हेच तोंड तिच्या मुळावर आले आहे. नैर्ऋत्येचा पाऊस तिच्यावर आपटतो, उन्हाळ्यात दुपारभर ऊन तापते आणि पायथ्याशी ओल चढून लोणा धरतो. गिलाव्यातले क्षार पाण्याबरोबर वर येतात, पाणी सुकले की रंगाच्या पापुद्र्यामागे त्यांचे स्फटिक होतात आणि पापुद्रा ढकलला जातो. म्हणून रंग नेहमी खालच्या दोन-तीन फुटांत आधी सुटतो. पान-तंबाखूच्या पिचकाऱ्या त्यावर वेगळ्या. नव्या गिलाव्याला किमान 28 दिवस दिल्याशिवाय वर रंग लावला, तरी चुन्या-सिमेंटच्या क्षारामुळे तो जळतो. लाल-पिवळ्यातल्या काही रंगद्रव्यांचा रंग उन्हात आधी उडतो, निळा आणि गेरूच्या जातीचे रंग टिकतात. म्हणून जुन्या चित्रांत चेहरे फिके पडतात आणि आभाळ मात्र तसेच असते. गाइडने हे दाखवावे. कोणत्या कलाकाराचे किती फॉलोअर्स यापेक्षा चौकटी आखून एवढे मोठे चित्र भिंतीवर कसे चढवले, परांची कुठे बांधली, प्रायमर मारला होता की नाही, हे ऐकण्यात लोकांना जास्त रस असतो, असा आमचा अनुभव आहे.

माहीम स्टेशनच्या पूर्वेकडच्या चित्रांसाठी वेगळी सकाळ ठेवावी. रूळ ओलांडायला सायकलला मोठा वळसा पडतो आणि ई-सायकल पादचारी पुलाच्या पायऱ्यांवरून चढवणे हे सहलीत बसणारे काम नाही.

दक्षिणेकडची सहल त्या मानाने सोपी. चर्चगेट स्टेशनच्या इमारतीवरचे ब्राझीलच्या एदुआर्दो कोब्रा यांनी रंगवलेले गांधीजी, मग काळा घोडा, आणि शेवटी 1875 सालचे ससून डॉक, जिथे 2017 मध्ये ‘स्टार्ट इंडिया’ या भित्तिचित्रांचे काम करणाऱ्या संस्थेने गोदीच्या जुन्या गोदामांत कलाप्रकल्प केला. गोदीच्या आत सायकल नेऊ नये. पहाटेपासून मासळीचा लिलाव, बर्फाच्या हातगाड्या आणि सगळीकडे माशांचे पाणी असते, त्यावर गुळगुळीत झालेला टायर क्षणात घसरतो. फोटोचे आधी फाटकावर विचारावे.

आता सायकलीबद्दल, कारण जाहिरातीत त्याबद्दल चकार शब्द नसतो. मोटारची ताकद 250 वॅटच्या आत आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत असेल तरच ई-सायकल ‘मोटार वाहन’ ठरत नाही आणि लायसन्स, नंबरप्लेट लागत नाही. कंट्रोलरमधली, म्हणजे मोटारीवर ताबा ठेवणाऱ्या सर्किटमधली, वेगाची मर्यादा काढून पस्तीस-चाळीसने धावणाऱ्या सायकली बाजारात आहेत. अशी सायकल कायद्याने नोंदणी न केलेले वाहन झाली. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते आणि निस्तरायचे चालवणाऱ्याला. बुकिंग करताना हे सरळ विचारावे. हेल्मेट सक्तीचे नसले तरी जो आयोजक ते देत नाही त्याच्याकडे जाऊ नये.

दुसरा प्रश्न थ्रॉटलचा. मूठ पिळली की पळणारी सायकल अशा सहलीला धोक्याचीच. माणूस उतरतो, एका हातात मोबाइल, दुसऱ्या हाताने मूठ धरून सायकल वळवतो, मूठ पिळली जाते आणि सायकल समोरच्या रिक्षावर. पेडल मारल्यावरच मदत करणारी सायकल घ्यावी, आणि प्रत्येक थांब्यावर बटण बंद. त्यातही दोन जाती आहेत. स्वस्त सायकलींत क्रँकला, म्हणजे पेडलच्या दांडीपाशी, चुंबकांची चकती असते. पेडल फिरतेय एवढेच तिला कळते, किती जोर आहे ते नाही. त्यामुळे मदत जराशी उशिरा येते आणि आली की धक्क्याने येते. सिग्नलला एक पाय जमिनीवर आणि दुसऱ्याने पेडल सहज अर्धे फिरवले तरी ती उसळू शकते. जोर मोजणाऱ्या सेन्सरची सायकल महाग, पण नवख्यांना तीच बरी.

ब्रेकची एक चाचणी निघण्याआधी प्रत्येकाने करावी, अर्ध्या मिनिटाचे काम आहे. मागचे चाक उचलायला सांगा, पेडल फिरवून मोटार चालू करा आणि ब्रेकची लिव्हर हलकी दाबा. पॅड चकतीला धरण्याआधीच मोटार बंद पडली पाहिजे. लिव्हरमधला हा कटऑफ स्विच खाऱ्या हवेने अडकतो किंवा पडझडीत तुटतो. मग ब्रेक दाबलेला असतानाही मोटार सायकल पुढे रेटत राहते. ही चाचणी करू न देणाऱ्याला पैसे देऊ नका.

बॅटरीचा हिशेब सोपा आहे. 36 व्होल्ट, 10 अँपिअर-अवर म्हणजे 360 वॅट-अवर. मध्यम मदतीवर किलोमीटरला दहाएक वॅट-अवर जातात, म्हणजे कागदावर 36 किलोमीटर. मुंबईत थांबत-निघत 25 धरावेत. दहा किलोमीटरच्या सहलीला ते भरपूर. तरी नोव्हेंबरच्या पहिल्या फेऱ्यांत बॅटरी दगा देते. पावसाळ्याचे चार महिने सायकली गोदामात पडून असतात, बॅटरी रिकामीच ठेवलेली असते, आतले सर्किट थेंबथेंब वीज खात राहते आणि सेल इतके खाली जातात की पुन्हा पुरते भरत नाहीत. स्क्रीनवर मात्र सगळ्या दांड्या दिसतात. मोतमाऊलीच्या चढावर जोर लागला की व्होल्टेज बसते आणि दांड्या एकदम दोनवर येतात. आयोजकांनी बॅटरी अर्ध्याहून थोडी जास्त भरून ठेवावी, महिन्यातून एकदा तपासावी. फेरी संपल्यावर गरम बॅटरी लगेच चार्जरला लावू नये, अर्धा-पाऊण तास निवू द्यावी.

पंक्चर होणारच, वांद्र्याच्या गल्ल्यांत बांधकामाचे खिळे कमी नाहीत. मागच्या चाकात मोटार असेल तर चाक काढायच्या भानगडीत पडू नये. नट बहुधा 18 च्या पान्ह्याचे, त्याखालचे वॉशर उलटसुलट बसले तर आस फिरून वायर तुटते, आणि वायरच्या जोडावरचे बाण जुळले नाहीत तर आतले पिन वाकतात. चाक जागेवरच ठेवून टायरची एक बाजू लिव्हरने उचलावी, तेवढीच ट्यूब बाहेर ओढावी, भोक शोधावे, पॉलिश पेपर मारून सोल्यूशन लावावे, ते सुकले की पॅच दाबावा. दहा मिनिटांत होते. हवा 40 ते 50 पीएसआय. कमी हवेने पेव्हर ब्लॉकच्या कडेवर ट्यूब चिमटते, जास्त हवेने गटाराच्या ओल्या जाळीवर चाक सटकते. जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने असतील तर त्या आडव्याच ओलांडाव्यात.

पावसात सहल नकोच. अवकाळी सर आलीच तर चाकाच्या आसापर्यंत पाणी असलेल्या रस्त्यात सायकल घालू नये. मोटारची वायर आसातून आत जाते आणि पाणीही तिथूनच. वायर आसापाशी आधी खाली झोळ घेऊन मग वर गेलेली असावी, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी टपकते.

गट सहाचा, पुढे एक गाइड आणि शेवटी दुसरा. एकट्या गाइडची सहल स्वस्त असते, पण सिग्नलने गट तोडला की मागचे तिघे कोणाच्या मागे जाणार?

आणखी एक गोष्ट आयोजकांसाठी. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये सार्वजनिक जागी कायम असलेल्या शिल्पांचे फोटो छापायला मुभा आहे, रंगवलेल्या चित्रांचा त्यात उल्लेख नाही. तिकिटे विकायला चित्राचा फोटो वापरताना चित्रकाराला विचारावे आणि त्याचे नाव द्यावे. भिंतीवर ‘आठवण’ म्हणून पाहुण्यांकडून सही करून घेण्याची टूम तर बंदच व्हावी. परवानगी नसेल तर ते 1995 च्या महाराष्ट्राच्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायद्यात बसते.

पालिकेकडे एकच मागणी आहे. चॅपल रोडच्या तोंडाशी, माहीम स्टेशनबाहेर आणि काळा घोड्याला सायकली बांधायला उलट्या ‘यू’ आकाराचे लोखंडी कठडे बसवावेत. प्रत्येक ठिकाणी चार पुरेत, एकावर दोन सायकली बांधता येतात. दोन कठड्यांत एक मीटर अंतर ठेवावे आणि ते फुटपाथवर न लावता गाड्यांच्या पार्किंगमधून एका मोटारीची जागा काढून तिथे लावावेत.

आपले,
वांद्रे-माहीम भागातले काही सायकल-मेकॅनिक आणि गाइड